वाचकांचे प्रश्न: उलार झालेली गाडी आणि भटकणारे स्टेअरिंग

प्रश्न: आम्ही पती-पत्नी सेवानिवृत्त असून ह्यूस्टन परिसरात राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही फोर्डच्या एफ-५३ चासीवर बांधलेले, पेट्रोलवर चालणारे, ३४ फूट लांबीचे मोटारहोम जुन्या बाजारातून विकत घेतले. शहरात ते अगदी व्यवस्थित चालते, परंतु आय-१० महामार्गाने एल पासोच्या दिशेने निघालो आणि वेग ताशी ६५ मैलांवर गेला की ते सरळ असे जातच नाही. सतत डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे स्टेअरिंग फिरवत राहावे लागते. मागून मोठा ट्रक आला की गाडी आधी त्याच्याकडे ओढल्यासारखी होते आणि तो पुढे सरकताच बाहेर फेकल्यासारखी होते. माझ्या पत्नीला मनगटाचा संधिवात आहे. ती पूर्वी माझ्या बरोबरीने गाडी चालवत असे, आता तिने ते सोडले आहे. एका दुकानदाराने स्टेअरिंग स्टॅबिलायझर आणि इतर काही भाग बसवण्यासाठी २,८०० डॉलर सांगितले आहेत. हा खर्च करावा का?

उत्तर: आपले पत्र आल्यावर मी आपल्याला उलट पत्र पाठवून चार गोष्टी विचारल्या होत्या आणि आपण त्या तत्परतेने मोजून कळवल्या, त्याबद्दल आभार, त्या आकड्यांशिवाय या प्रश्नाला उत्तर देता आले नसते. आपण कळवलेले असे: पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर २०८ इंच, प्रवासाच्या तयारीतील वजन पुढच्या ॲक्सलवर ६,९०० पाउंड आणि मागच्या ॲक्सलवर १४,३०० पाउंड, सहाही टायरांत ११० पीएसआय हवा, आणि मागच्या हुकावर बसवलेल्या कॅरियरवर दोन विजेच्या सायकली व अवजारांची पेटी मिळून २६० पाउंड. शिवाय पिण्याच्या पाण्याची ७५ गॅलनची टाकी मागच्या पलंगाखाली असून निघताना ती आपण काठोकाठ भरता, हेही आपण सहज म्हणून लिहिले आहे. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

दुकानदाराचे २,८०० डॉलर तूर्त आपल्याच खिशात राहू द्यावेत. आपल्या गाडीचे दुखणे हाताला स्टेअरिंगमध्ये जाणवते, परंतु त्याचे मूळ बहुतांशी मागच्या चाकांच्या मागे आहे.

बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेवरचा भार नाहीसा होतो. अशा गाडीला आपल्याकडे ‘उलार’ गाडी म्हणतात. आपले मोटारहोम उलार झाले आहे. त्याची लांबी ४०८ इंच आणि चाकांमधील अंतर २०८ इंच, म्हणजे लांबीच्या ५१ टक्के. मोटारहोमच्या जाणकारांमध्ये असा एक ढोबळ दंडक आहे की हे प्रमाण ५४-५५ टक्क्यांच्या पुढे असेल तर लांब गाडी सहसा सरळ चालते, आणि ते ५० च्या जवळ आले की चालकाला तिच्याशी झगडावे लागते. आपल्या गाडीचे सुमारे साडेदहा फूट धड मागच्या ॲक्सलच्या पलीकडे अधांतरी आहे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी घाट उतरला आहे त्यांना या अधांतरी भागाचे वागणे वेगळे सांगायला नको.

आता त्या भागात ठेवलेल्या वजनाचा हिशेब पाहा, कारण तो तरफेचा हिशेब आहे आणि तरफ कोणालाही सवलत देत नाही. सायकलींचा कॅरियर मागच्या ॲक्सलपासून सुमारे १४४ इंच मागे आहे. २६० ला १४४ ने गुणून २०८ ने भागले की १८० येतात. म्हणजे २६० पाउंडांचे ते ओझे मागच्या ॲक्सलवर २६० नव्हे तर ४४० पाउंड भार टाकते आणि पुढच्या ॲक्सलवरचा १८० पाउंड भार उचलून घेते. पाण्याचे एक गॅलन सुमारे ८.३४ पाउंडांचे, म्हणून भरलेली टाकी जवळजवळ ६२५ पाउंडांची. तिचा मध्य ॲक्सलपासून सहा फूट मागे धरला तर तीही पुढच्या चाकांवरचे २१६ पाउंड हलके करते. दोन्ही मिळून जवळपास ४०० पाउंड भार आपण ज्या चाकांनी दिशा धरायची त्याच चाकांवरून काढून घेतला आहे. पुढच्या चाकांवर आज एकूण वजनाचा साडेबत्तीस टक्के एवढाच वाटा पडतो. हलक्या चाकाची पकड कमी, आणि पकड कमी झाली की रस्त्याचा प्रत्येक उतार, प्रत्येक चरा आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक गाडीला आपल्या मनाप्रमाणे वळवू लागते.

कॅरियर काढला आणि टाकीत २५ गॅलनच पाणी ठेवले, तर माझ्या हिशेबाने पुढच्या ॲक्सलवर सुमारे ७,२२५ आणि मागच्या ॲक्सलवर सुमारे १३,३०० पाउंड येतील. पुढचा वाटा ३५ टक्क्यांपर्यंत चढेल. यासाठी एक डॉलरही लागत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी नळ असतो, आणि जिथे तो नसतो तिथे पोहोचण्याच्या आधी शेवटच्या गावात टाकी भरून घेता येते. सायकली न्यायच्याच असतील तर त्या सुट्या करून दोन ॲक्सलांच्या मधल्या तळकप्प्यात बसतात का ते पाहावे. अवजारे, सुट्या साखळ्या, डबाबंद अन्न, पत्नीची पुस्तके, असे जे जे जड असेल ते पुढच्या दाराजवळच्या कप्प्यांत हलवावे. मात्र प्रत्येक ॲक्सलची कमाल मर्यादा चालकाच्या आसनाजवळच्या फलकावर छापलेली असते, ती पुढे किंवा मागे कुठेही ओलांडली जाणार नाही, एवढे वजन करून पुन्हा तपासावे. महामार्गावरील ट्रकथांब्यांवर असलेल्या कॅट स्केलच्या काट्यावर हे काम थोड्याच पैशांत होते. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक चाकाचे स्वतंत्र वजन. आपल्यापासून सुमारे ७५ मैलांवर लिव्हिंग्स्टन येथे एस्केपीज या मोटारहोमवाल्यांच्या क्लबची जागा आहे, तेथे तशी सोय आहे. डाव्या बाजूला स्वयंपाकघर आणि उजवीकडे काहीच नाही अशा गाड्यांमध्ये दोन बाजूंच्या वजनात कित्येकशे पाउंडांचा फरक निघतो, आणि तो ॲक्सलच्या काट्यावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. टायरच्या कडेवर छापलेला ११० चा आकडा म्हणजे त्या टायरने त्याच्या कमाल भाराला पेलण्यासाठी लागणारी हवा आहे. आपल्या वर्गातल्या टायरला ती साडेचार हजार पाउंडांच्या वरच्या भारासाठी लागते. आपल्या पुढच्या एकेका चाकावर आज सरासरी ३,४५० पाउंड आहेत. इतक्या हलक्या ओझ्याखाली इतका फुगवलेला टायर मधोमध उभा राहतो आणि रस्त्याला टेकणारा त्याचा पट्टा आखूड होतो. इथे एक बारकावा आहे. वळलेला टायर स्वतःहून सरळ व्हायला पाहतो, कारण जमिनीकडून येणारा आडवा जोर त्या पट्ट्याच्या मध्याच्या जरा मागे लागतो. पट्टा आखूड झाला की ते अंतरही कमी होते आणि टायरची सरळ होण्याची ओढ मंदावते. म्हणूनच फार कडक हवेची गाडी ‘मध्य’ हरवल्यासारखी वाटते आणि स्टेअरिंगच्या मधल्या दोन-तीन इंचांत काहीच जाणवत नाही. मी आपल्याला नेमका आकडा सांगणार नाही, कारण तो टायर बनवणाऱ्या कंपनीच्या भार-हवा तक्त्यातून, आपल्याच टायरच्या मापासाठी आणि आपल्याच वजनावरून काढायचा असतो. रीत अशी: ॲक्सलवरच्या दोन बाजूंपैकी जड बाजूचे वजन घ्यावे, तक्त्यात त्यासाठी दिलेली हवा पाहावी, तिच्यात पाचेक पीएसआय जादा धरावी आणि तीच हवा त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना भरावी. तक्त्यातल्या आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये, आणि मापन सकाळी, टायर गार असताना करावे. मागच्या जोडचाकांचा तक्ता वेगळा असतो, कारण जोडीतल्या टायरची भारक्षमता एकट्या टायरपेक्षा कमी धरतात. आपल्या मागच्या ॲक्सलवरचे वजन पाहता मागे हवा पुढच्याइतकी कमी होणार नाही, असे मला वाटते.

टायर किती जुने आहेत ते आपण कळवले नाही. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतर जो सांकेतिक क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१७ असेल तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मोटारहोमचे टायर झिजून नव्हे तर म्हातारे होऊन जातात, आणि नक्षी नव्यासारखी दिसली म्हणून फसू नये. सात वर्षांच्या पुढचे टायर मी तरी पुढच्या ॲक्सलवर ठेवणार नाही.

वजन आणि हवा जागेवर आल्यानंतरच झीज शोधावी, कारण त्याआधी शोधली तर काय कशामुळे झाले ते कळत नाही. इंजिन चालू ठेवून, चाके जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ओंडके लावलेले अशा स्थितीत पत्नीला स्टेअरिंग हळूहळू दोन्ही बाजूंना थोडे थोडे फिरवायला सांगावे. बाहेरच्या बाजूने वाकून पाहिल्यावर स्टेअरिंगचा खोका, त्याचा हात, ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोके या ओळीत कुठला सांधा आधी हलतो आणि पुढचा उशिरा हलतो ते दिसते. जिथे हा उशीर आहे तिथे ढिलाई आहे. गाडी समतल करण्यासाठी दिलेल्या जॅकांवर उचलून तिच्याखाली कोणीही शिरू नये. ते जॅक माणसाच्या जिवाच्या भरवशाचे नाहीत. खाली जाऊन पाहायचे असेल तर ते ट्रकच्या कार्यशाळेत, खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीखाली पाहावे. खोक्यावर एक समायोजनाचा स्क्रू असतो आणि तो आवळून ढिलाई काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो जरासा जास्त आवळला गेला तर स्टेअरिंग वळणानंतर परत येईनासे होते आणि खोकाही झिजतो. हे काम जाणत्या हातांवर सोडावे.

त्यानंतर अलाइनमेंट. ते मोटारींच्या दुकानात नव्हे तर ट्रकच्या दुकानात, आणि रिकाम्या गाडीचे नव्हे तर प्रवासाच्या सामानासह करून घ्यावे. पुढच्या चाकांची पुढची टोके किंचित आत वळलेली असावी लागतात, साधारण एक-अष्टमांश इंचाच्या आत. ती बाहेर झुकली असतील तर गाडी एकदा या चाकाच्या मागे आणि एकदा त्या चाकाच्या मागे धावते, आणि आपण ‘सतत थोडे थोडे फिरवावे लागते’ असे जे लिहिले आहे ते नेमके तसेच लक्षण आहे. कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळण्याच्या आसाचा कल, याविषयी पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात सविस्तर लिहितो. आपल्या चासीवर तो कोन ॲक्सल आणि पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालून बदलतात, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

आता ट्रकांविषयी, कारण आपण दिलेले वर्णन फार नेमके आहे. पश्चिम टेक्सासमध्ये आय-१० वर ताशी ८० मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे आपल्या ६५ च्या गाडीला डावीकडून ओलांडणारे ट्रक मोठ्या वेगफरकाने येतात. ट्रकच्या नाकापुढे दाबलेल्या हवेची एक भिंत चालत असते. ती आधी आपल्या गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यावर आदळते आणि ते अधांतरी धड उजवीकडे ढकलते. शेपूट उजवीकडे गेले की नाक डावीकडे, म्हणजे ट्रकच्या दिशेने वळते. आपल्याला वाटते की ट्रकने ओढले. आपण घाईने उजवीकडे फिरवतो, आणि त्याच क्षणी ती हवेची भिंत पुढे येऊन नाकालाही उजवीकडे ढकलते. दोन्ही एकाच दिशेचे धक्के एकत्र होतात आणि गाडी बाहेर फेकल्यासारखी होते. म्हणून आरशात ट्रक दिसताच स्टेअरिंग घट्ट न आवळता, नजर दूर ठेवून, पहिली ओढ अर्धीच भरून काढावी, कारण उरलेली भरपाई ट्रक स्वतः करणार असतो. हे सवयीने जमते, आणि जमले की थकवा पुष्कळ उतरतो.

परंतु सवयीवर सगळे टाकणे योग्य नाही. मागचा ॲक्सल लांब पाट्यांवर बांधलेला असतो, आणि पाट्यांची टोके, त्यांचे बुश व झोके (शॅकल) यांतून गाडीचे धड ॲक्सलवर आडवे थोडे सरकते. ते सरकले की चालकाने काही न करताच गाडीची दिशा बदलते. यावरचा सरळ उपाय म्हणजे मागच्या ॲक्सलवर पॅनहार्ड सळई बसवणे. तिचे एक टोक ॲक्सलच्या एका बाजूला आणि दुसरे टोक चासीच्या विरुद्ध बाजूला बांधलेले असते, त्यामुळे धड वर-खाली होऊ शकते पण आडवे सरकू शकत नाही. फ्रान्सच्या पॅनहार्ड या जुन्या मोटारकंपनीवरून तिला हे नाव पडले. पैसे खर्च करायचेच झाले तर आपल्यासारख्या लांब शेपटीच्या गाडीवर मी पहिला खर्च या सळईवर करीन.

त्याआधी मात्र एक फुकटचे काम आहे. आपल्या चासीला अँटी-रोल बार आहेत, आणि बऱ्याच एफ-५३ गाड्यांवर त्या बारच्या टोकांना जोडदांड्यांसाठी एकाहून अधिक छिद्रे असतात. जोडदांडा बाहेरच्या छिद्रातून आतल्या छिद्रात घेतला की बारची भुजा आखूड होते आणि बार कडक होतो. कडकपणा भुजेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणून भुजा एक षष्ठांशाने आखूड झाली तर कडकपणा सुमारे १.४ पट होतो. गाडी झुलणे कमी झाले म्हणून ती सरळ का चालावी, असे कोणी विचारील. पाट्यांवरची गाडी एका बाजूला कलली की एका बाजूचा पाटा दबतो आणि दुसरा मोकळा होतो, त्यामुळे ॲक्सलचे एक टोक किंचित पुढे आणि दुसरे किंचित मागे जाते. मागचा ॲक्सल तेवढ्यापुरता स्वतःच वळलेला असतो. झोल कमी झाला की मागच्या ॲक्सलचे हे चोरटे वळणेही कमी होते. छिद्रे आहेत का ते पाहावे, नटबोल्ट कंपनीने सांगितलेल्या जोराने आवळावेत आणि जोडदांडा कुठे घासत नाही याची खात्री करावी.

उरला स्टॅबिलायझर. सेफ-टी-प्लस किंवा रोडमास्टर यांच्यासारख्या उपकरणांत स्प्रिंग आणि दमक (धक्का शोषणारा भाग) एकत्र असतात आणि ती चाकांना मध्याकडे परत आणतात. ब्लू ऑक्सचे ट्रूसेंटर हवेच्या साह्याने काम करते आणि बटण दाबून त्याचा मध्य चालत्या गाडीत हलवता येतो, जे एका बाजूने सतत वारा असताना फार सोयीचे आहे. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातातून हिसकले जाते, त्या वेळी अशा उपकरणाची खरी किंमत कळते, आणि केवळ त्या कारणासाठीही ते बसवावे असे मी म्हणेन. परंतु ते शेवटी बसवावे. उलार गाडीवर, फुगलेल्या टायरांवर, ढिल्या सांध्यांवर बसवलेला स्टॅबिलायझर हाताला जाणवणारे दुखणे झाकतो, आणि ढिला टाय रॉड झाकलेला असणे हे गाडी भटकण्यापेक्षा पुष्कळ वाईट आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पिंपरीतल्या एका कार्यशाळेत ट्रकांच्या पुढच्या ॲक्सलवर काम करीत असे. तेथले वयस्कर मिस्त्री स्टेअरिंगची तक्रार आली की स्टेअरिंगला हात लावण्याआधी ट्रकमध्ये माल कसा भरला होता ते विचारत. मला तो प्रश्न तेव्हा अप्रस्तुत वाटे.

प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्याच्या त्याच पंधरा-वीस मैलांवर, शक्यतो वारा नसलेल्या सकाळी, गाडी चालवून पाहावी आणि वहीत नोंद करावी. दोन बदल एकदम करू नयेत. आपल्या पत्नीने पुन्हा चालवायला बसावे ही आपली इच्छा मला पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसली, म्हणून एक सुचवतो: चाचणीचे दुसरे मत तिचेच घ्यावे. संधिवात झालेले मनगट गाडीतला बारीकसा फरकही आपल्याआधी ओळखेल.

प्रश्न: आमचे ३१ फुटी मोटारहोम फोर्डच्या ई-४५० चासीवर आहे. महामार्गावर भटकते म्हणून दोनदा अलाइनमेंट केले. दोन्ही वेळा छापील कागदावर सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत आले, आणि तंत्रज्ञाने गाडीत दोष नाही असे सांगितले. तरीही ती भटकतेच. (न्यू जर्सीतील एक वाचक)

उत्तर: ‘मर्यादेत’ आणि ‘आपल्या गाडीसाठी योग्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच चासीवर सामान पोहोचवणारी पेटीची गाडीही बांधतात आणि आपले घरही. कंपनीने दिलेली मर्यादा त्या सगळ्यांना सामावून घेईल इतकी रुंद असते, आणि अनेक मोटारहोम तिच्या खालच्या टोकाला बसलेली आढळतात.

पाहायचा तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा वरून मागे कललेला असतो, म्हणून चालती सायकल हात सोडूनही सरळ जाते. तो सरळ उभा केला तर ती डगमगेल. गाडीच्या पुढच्या चाकाचा वळण्याचा आसही तसाच वरून मागे कललेला असतो आणि त्या कलाचे अंश म्हणजे कॅस्टर. आपल्या चासीवर पुढे दोन वेगळ्या आडव्या तुळया आहेत आणि वरच्या बॉल जॉइंटपाशी उत्केंद्री, म्हणजे छिद्र मध्यापासून बाजूला असलेला, बुश असतो. तो बदलून किंवा फिरवून हा कोन वाढवता येतो. जास्त कोन देणारे बुश सुटे मिळतात. तंत्रज्ञाला नुसते ‘अलाइनमेंट करा’ असे न सांगता, मर्यादेत राहून दोन्ही बाजूंना जितका जास्त कॅस्टर देता येईल तितका द्यावा, शक्यतो पाच अंशांच्या आसपास, असे लेखी सांगावे. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, आणि अमेरिकेतले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून उजवीकडे उतरते असतात, त्यामुळे उजव्या बाजूला अर्धा अंश जास्त ठेवला तर रस्त्याच्या उताराची भरपाई होते. स्टेअरिंग थोडे जड होईल. पॉवर स्टेअरिंगमुळे ते फारसे जाणवत नाही.

एक जपावे. गाडीचे नाक मागच्या भागापेक्षा खाली बसले तर कॅस्टर आपोआप बदलतो, म्हणून पुढच्या स्प्रिंगा थकून बसल्या आहेत का ते कोन बदलण्याआधी मोजून घ्यावे. आणि मागच्या ॲक्सलवरच्या वजनाविषयी वर जे लिहिले आहे ते आपल्यालाही लागू आहे. एकूण १४,५०० पाउंडांची मर्यादा असलेल्या चासीवर ३१ फूट घर बांधले की मर्यादेत राहायला जागा फार थोडी उरते.

प्रश्न: आम्ही पुढच्या महिन्यात ३६ फुटी मोटारहोम घेऊन आय-८० ने वायोमिंग ओलांडणार आहोत. वारा किती असला की थांबावे? (कॅलिफोर्नियातील एक वाचक)

उत्तर: आपल्या गाडीची बाजू ३६ फूट लांब आणि सुमारे दहा फूट उंच, म्हणजे ३६० चौरस फुटांचे शीडच आहे. उभ्या गाडीचा ढोबळ हिशेब केला तर ताशी २० मैलांचा आडवा वारा तिच्यावर पावणेचारशे पाउंडांच्या आसपास जोर लावतो आणि ४० मैलांचा वारा जवळजवळ दीड हजार पाउंड, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून ‘अजून थोडाच वाढला आहे’ या विचारावर विसंबू नये. सतत वाऱ्यापेक्षा झोत अधिक त्रास देतात. डोंगराच्या आडोशातून किंवा पुलाखालून बाहेर येताना तो जोर एका क्षणात लागू होतो. आपण पाम स्प्रिंग्सजवळच्या सॅन गॉर्गोनिओ खिंडीतून, पवनचक्क्यांच्या रांगांमधून गेला असाल तर हे आपण अनुभवलेच असेल.

मी स्वतः ३० मैलांच्या आडव्या वाऱ्यात वेग ५५ वर आणतो आणि झोत ४० च्या पुढे जाऊ लागले की थांबतो. वायोमिंगमध्ये, विशेषतः लॅरमी ते रॉलिन्स या एल्क माउंटनजवळच्या टप्प्यात, राज्याचे वाहतूक खाते वाऱ्याच्या दिवशी हलक्या व उंच वाहनांसाठी रस्ता बंद करते. मोटारहोमचे वजन वीस हजार पाउंड असले तरी तिच्या उंचीकडे आणि लांबीकडे पाहून ती सूचना आपल्यासाठीच आहे असे समजावे. वारा तेथे बहुधा दिवस वर येईल तसा वाढतो, त्यामुळे पहाटे निघून दुपारपूर्वी तो टप्पा पार करण्याचा बेत ठेवावा आणि एक दिवस हाताशी राखावा.

थांबायची वेळ आली तर गाडीचे नाक वाऱ्याकडे करून उभी करावी, सरकत्या खोल्या आत घ्याव्यात, बाजूची कापडी छत्री (ऑनिंग) गुंडाळलेली आहे ना ते पाहावे आणि सोसाट्याचा वारा असेपर्यंत दार वाऱ्याच्या बाजूने उघडू नये. बिजागऱ्यांसह निखळलेले दार मी तेथे पाहिले आहे.